जुन्या कॅमेऱ्याची परीक्षा

१२ ऑक्टोबर २०२५, रविवार

ठरलं. कॅमेरा घ्यायचा. आणि नवा नाही, जुना.

सकाळी चर्चमध्ये मिस्सा संपल्यावर रोवेनाने मला पायऱ्यांवर गाठलं. रोवेना ही माझ्या नवऱ्याच्या, पर्सीच्या, धाकट्या भावाची मुलगी. दहा जानेवारीला तिचं लग्न आहे. चर्चमधले आणि हॉलमधले फोटो काढायला मोठा फोटोग्राफर ठरवलाय. पण आमच्यात लग्नाच्या आदल्या संध्याकाळी नवरीच्या अंघोळीसाठी वाजतगाजत विहिरीवर जाऊन पाणी आणतात, त्याला उंबराचं पाणी म्हणतात, ते त्याच्या पॅकेजमध्ये बसत नाही म्हणे. रोवेना म्हणाली, "काकी, ते फोटो तू काढ. मम्मीच्या लग्नातल्या पाण्याचा एकही फोटो नाही आमच्याकडे. माझे तरी हवेत."

मी विचार न करता हो म्हटलं आणि घरी पोचेपर्यंत मोबाइलवर भागवायचं नाही हेही ठरवून टाकलं. बँड, लुगडी, डोक्यावरच्या कळशा, उतरतं ऊन. ते सगळं नीट यायला हवं.

खरं सांगायचं तर मी निमित्तच शोधत होते. मे महिन्यात शाळा सुटली. इतकी वर्षं कळव्याच्या मुलांना भूमिती शिकवली आणि एका दुपारी शाल-श्रीफळ घेऊन घरी आले. तेव्हापासून कपाटं लावून झाली, लोणची घालून झाली, पर्सीशी भांडूनही झालं. शाळेच्या गॅदरिंगचा रोलवाला कॅमेरा कायम माझ्याच ताब्यात असायचा, हे आज कितीतरी वर्षांनी आठवलं.

जेवल्यापासून वाचत बसलेय. पेपरवाले हल्ली शाई वाचवतात, ओळीच्या मधलीच अक्षरं पुसट असतात. म्हणून सगळं मोबाइलवर मोठं करून.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

आता मी या विषयावर तास घेऊ शकेन.

पूर्वीच्या मोठ्या कॅमेऱ्यांत आत आरसा असायचा. तो काढून टाकला की मिररलेस. डोळा लावायच्या खिडकीत इवलासा पडदा असतो आणि फोटो जसा येणार तसाच त्यात आधी दिसतो. उजेड कमी झाला तर खिडकीतही कमी. म्हणजे उत्तर लिहायच्या आधीच बरोबर की चूक ते कळतं. असा विद्यार्थी मला कधी मिळाला नाही.

नवा घ्यायचा तर माझ्या ऐपतीत बसतो तो सगळ्यात खालचा, हलक्या प्लास्टिकचा. तेवढ्यातच सात-आठ वर्षांपूर्वीचा वरच्या वर्गातला कॅमेरा मिळतो, धातूची बॉडी, वर चांगली लेन्स. जुन्याने काढलेले आणि नव्याने काढलेले फोटो शेजारी शेजारी ठेवलेला एक व्हिडिओ तीनदा बघितला. मला ओळखता आले नाहीत, आणि खालच्या प्रतिक्रियांत कुणालाच आले नव्हते. चालत्या माणसावर फोकस धरायला जुने मंद असतात हे मात्र सगळेच कबूल करतात. बॅटरी लवकर संपते. कंपन्या सुटे भाग ठेवत नाहीत. आणि वापरलेली वस्तू म्हणजे आधीच्याने कशी वापरली कोण जाणे.

पर्सीला विचारलं. तो वागळे इस्टेटमध्ये टूलरूमला होता. म्हणाला, मशीनचं वय विचारू नकोस, वापर विचार. जुनं लेथ घेताना आम्ही तेच बघायचो.

त्याला स्वतःला सध्या काही उद्योग नाही. आज स्वयंपाकघरातली चांगली चालणारी ट्यूब काढून दुप्पट उजेडाची बसवली. का, तर सेलमध्ये होती.

२५ ऑक्टोबर, शनिवार

आणला. उशाशी ठेवलाय, मध्येच हात लावून बघतेय.

डोंबिवलीला सुमित म्हणून मुलगा आहे, लग्नाचे व्हिडिओ करतो. त्याला आता मोठा कॅमेरा घ्यायचाय म्हणून हा विकायला काढलेला. फोनवर मी त्याची तोंडी परीक्षाच घेतली आणि पोरगं कुठेही अडखळलं नाही. आज मी आणि पर्सी नांदिवलीला त्याच्या घरी गेलो. मी एकटी जाणार होते, पण पर्सी ऐकेना. हल्ली कुठेही निघाले की हा आधी चपला घालून तयार.

सुमितने शटर आजवर किती वेळा पडलंय ते उघडून दाखवलं. मुठीचं रबर एका कोपऱ्यात सुटलंय हे मी बघायच्या आधी त्यानेच सांगितलं. त्याच्या आईने पोहे दिले. मी गॅलरीतून समोरच्या इमारतीवरचा कावळा धरला, बटण दाबलं, आणि फोटो मोठा करून बघितला तर त्याच्या चोचीत अडकलेला पावाचा तुकडाही दिसत होता. मग मला घासाघीस करायचं भानच राहिलं नाही. पर्सीने थोडी केली.

एकच बारीक गोष्ट. कॅमेऱ्याच्या खिडकीत मधोमध जरा धूर असल्यासारखं वाटतं. सुमित म्हणाला शेजारची छोटी चकती फिरवा, चष्म्याच्या नंबरप्रमाणे लावावी लागते. फिरवली. थोडं बरं वाटलं. सवय होईल.

जिना उतरताना पर्सीने माझा दंड धरला. लोकांसमोर बायकोचा हात धरणारा माणूस नव्हे हा. गळ्यात कॅमेरा होता, त्याची काळजी वाटली असणार.

२ नोव्हेंबर, रविवार

आज मृतांचा दिवस. संध्याकाळी सिमिट्रीत सगळं गाव. गाव म्हणते मी अजून, आता माजिवड्याला चारी बाजूंनी टॉवर आहेत. पण आजच्या दिवशी सगळे परत येतात, मिरारोडहून, विरारहून, कुणी दुबईहून. कबरी धुतात, झेंडूच्या माळा घालतात, मेणबत्त्या लावतात.

मी मम्मी-पपांच्या कबरीवर प्रार्थना केली आणि कॅमेरा काढला. आधी लाज वाटली. मग एक म्हातारी गुडघ्यावर बसून हाताने वाऱ्याला आडोसा करत मेणबत्ती पेटवत होती, तिच्या बोटांच्या फटींतून उजेड लाल होऊन येत होता, आणि मी सगळं विसरले. घरी येऊन लॅपटॉपवर लावला. पर्सी मागे उभा राहून बराच वेळ बघत होता. म्हणाला, तिची नखंसुद्धा दिसतात गं.

मोबाइलने हा फोटो आलाच नसता. अंधार म्हटलं की मोबाइल स्वतःच्या मनाने रंग भरतो. या जुन्या डब्याने अंधार अंधारच ठेवला आणि उजेड उजेड. मी ज्यांना ज्यांना पाठवला त्यांची उत्तरं अजून येतायत.

फक्त तो क्रूस. सिमिट्रीच्या मधला उंच दगडी क्रूस खिडकीतून बघितला तर मध्येच कमरेत वाकल्यासारखा दिसत होता. फोटोत सरळ आलाय.

पर्सीने आमच्या जिन्याच्या पायऱ्यांच्या कडांना पिवळी चिकटपट्टी लावलीय. सगळी बिल्डिंग हसतेय. शेजारची संचिता म्हणाली, अंकल, विमान उतरवणार का?

९ नोव्हेंबर, रविवार

भानगड वाढतेय. चर्चचे खांब, गॅलरीचे गज, दाराची चौकट, सरळ असेल ते सगळं कॅमेऱ्याच्या खिडकीत मध्यभागी वाकतं. इंटरनेटवर लिहिलंय की लेन्स सरळ रेषा थोड्या वाकवते, त्याला डिस्टॉर्शन म्हणतात. पण तिथल्या चित्रांत रेषा कडेला वाकलेल्या आहेत. माझ्या मधोमध वाकतात, आणि तेही एकाच ठिकाणी, पाण्यात खडा टाकल्यासारख्या.

भूमितीच्या बाईला हे फसवणार? उद्या ग्राफ पेपर आणते.

१० नोव्हेंबर, सोमवार

प्रयोग केला. मोठा ग्राफ पेपर भिंतीला चिकटवला, कॅमेरा स्टँडवर लावला, लेन्स भिंतीशी काटकोनात आणली आणि खिडकीत बघितलं. मधले चौकोन दबलेले, रेषा लाटेसारख्या, एक-दोन रेषा तर गायबच. फोटो काढून लॅपटॉपवर बघितला, सगळे चौकोन जागच्या जागी. दुसरी लेन्स लावली. तेच.

म्हणजे लेन्स निर्दोष, सेन्सर निर्दोष. दोष खिडकीच्या आतल्या पडद्यात. कॅमेरा कधीतरी आपटलाय आणि मुलाने सांगितलं नाही. सिद्ध झालं.

सुमितला फोन केला. मी जरा जास्तच बोलले. रबराची फट दाखवून विश्वास कमावलास आणि मोठी खोट लपवलीस, असं म्हणाले. तो म्हणाला, काकू, माझ्याकडे असताना असं नव्हतं, पण शनिवारी मी स्वतः येतो. नसेल ठीक तर पैसे परत.

रात्रीचं जेवण गेलं नाही. पैशांचं नाही वाटत. त्याच्यासारख्या मुलांना मी जन्मभर शिकवलंय आणि माणूस ओळखायला चुकले, याचं वाटतंय. आणि रोवेनाच्या लग्नाला दोन महिने राहिलेत. जुनं घेऊ नये म्हणतात ते काय उगीच?

पर्सी भिंतीवरच्या ग्राफ पेपरसमोर उभा होता, कितीतरी वेळ. मी विचारलं, काय बघतोस? काही नाही म्हणाला.

१५ नोव्हेंबर, शनिवार

हे सावकाश लिहिते, नीट लिहिते.

सुमित सकाळी आला. बाइकवरून डोंबिवलीहून आलेला, घामाघूम. पाणीसुद्धा न पिता खिडकीला डोळा लावला. मी मागे हाताची घडी घालून उभी. त्याने बराच वेळ बघितलं, चकती मागे-पुढे फिरवली, पुन्हा बघितलं.

"काकू, मला सगळं सरळ दिसतंय."

मी म्हटलं, मधोमध बघ. म्हणाला, मधोमधच बघतोय. मी पर्सीला पुढे केलं. पर्सीने आयुष्यभर केसाएवढे फरक मोजलेत, त्याच्या नजरेवर माझा स्वतःपेक्षा जास्त विश्वास. तो वाकला, बघितलं, आणि खिडकीतून डोळा न काढताच हळू म्हणाला, सरळ आहे.

मग मी बघितलं. वाकडं.

दहावीच्या मुलांना मी दरवर्षी एक गोष्ट घोकून घ्यायचे. चूक सापडत नसेल तर एका वेळी एकच गोष्ट बदलून बघा. कॅमेरा तोच होता. कागद तोच होता. बदलत होता तो फक्त बघणारा.

मी भिंतीवरून ग्राफ पेपर काढला आणि हातात धरला. दोन्ही डोळ्यांनी ठीक दिसत होता. डावा डोळा हाताने झाकला. रेषा वाकल्या, चौकोन दबले, मध्ये तोच धूर. कॅमेरा तिकडे स्टँडवर उभा होता, त्याचा काही संबंधच नव्हता.

मी म्हटलं, "कॅमेरा ठीक आहे."

मग पर्सी म्हणाला, "थेल्मा, गणपतीपासून तू चहा कपाच्या बाहेर ओततेस."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर तू कपाला दोष दिला असतास."

हे खरं आहे. लिहिताना हसू येतंय, तेव्हा नाही आलं. तेव्हा ती ट्यूब, त्या पिवळ्या पट्ट्या, डोंबिवलीचा जिना, सगळं एकदम डोळ्यांसमोर आलं.

सुमितची मी माफी मागितली. तो फार अवघडला. म्हणाला, काकू, पुढे ढकलू नका, माझ्या मामींच्या डोळ्याचं असंच झालं होतं, आजच डॉक्टरांना दाखवा. मग जाताना घुटमळला आणि म्हणाला, कॅमेरा नको असेल आता, तर मी परत घेऊन जातो, तुम्ही संकोच करू नका. चांगल्या मनाने म्हणाला. पण मी कॅमेरा स्टँडवरून उतरवून पोटाशी धरला. त्याला काय समजायचं ते समजलं.

डोळ्यांचा दवाखाना दुपारी बंद होता. सोमवारी सकाळचा पहिला नंबर घेतलाय. मला भीती वाटते आहे. पर्सीला सांगितलं नाही, पण त्याने न सांगता दिवा चालू ठेवलाय.

१७ नोव्हेंबर, सोमवार

डॉक्टरबाई तरुण आहेत, भरभर बोलतात. थेंब घातले, यंत्रावर हनुवटी टेकवायला लावली, डोळ्याच्या आतले फोटो काढले. होय, फोटो. उजव्या डोळ्याच्या पडद्याखाली नव्या कच्च्या रक्तवाहिन्या फुटल्यात आणि त्यांतून पाणी झिरपून पडदा मध्ये उचलला गेलाय. त्यामुळे रेषा वाकतात. मी म्हटलं, म्हणजे कागद सपाट आहे, पण ज्याच्यावर तो उमटतो तो पडदा फुगलाय. त्या म्हणाल्या, अगदी बरोबर.

मग विचारलं, तुमच्या लक्षात कसं आलं? मी कॅमेरा, खांब, ग्राफ पेपर सगळं सांगितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि ड्रॉवरमधून एक कार्ड काढून समोर ठेवलं. पांढऱ्या कागदावर काळे चौकोन, मध्ये एक ठिपका. म्हणाल्या, "आम्ही हेच वापरतो. तुम्ही घरीच तयार केलंत."

मला इतका आनंद झाला की बातमी वाईट आहे हे काही क्षण विसरूनच गेले. पर्सी कपाळावर हात मारून बसलेला.

त्या म्हणाल्या, बहुतेक लोक खूप उशिरा येतात, कारण एक डोळा बिघडला की दुसरा सांभाळून घेतो आणि माणसाला कळतच नाही. तुम्ही एक डोळा मिटून दुसऱ्याने बघायचा छंद लावून घेतलात म्हणून सापडलं. उद्या डोळ्यात इंजेक्शन, मग दर महिन्याला. गेलेलं सगळं परत येईल असं वचन देत नाही, पण आहे ते राखायची चांगली आशा आहे.

रिक्षात पर्सीने विचारलं, कॅमेरा नसता तर कधी कळलं असतं?

२० नोव्हेंबर, गुरुवार

झालं इंजेक्शन. डोळ्यात सुई, या कल्पनेनेच मी अर्धमेली झालेले. प्रत्यक्षात शाळेच्या इन्स्पेक्शनपेक्षा कमी त्रास. डोळा टोमॅटोसारखा लाल. कॅमेऱ्याला हात लावलेला नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

रोवेनाला सांगून टाकलं की दुसरं कुणी बघ. ती माझा हात हातात घेऊन बसली. मला वाटलं सुटले. घरी आल्यावर रडू आलं, ते का ते कळत नाही. उजवा डोळा मिटला की सगळं स्वच्छ दिसतं, पण माझं सगळं उजव्यानेच चालायचं. डाव्याने खिडकीत बघितलं तर नाक कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर दाबलं जातं, बोटं कुठे ठेवायची सुचत नाही, आणि बटण दाबेपर्यंत माणूस निघून गेलेला असतो. अठ्ठावन्नाव्या वर्षी डावखुरं व्हायला सांगितल्यासारखं.

३० नोव्हेंबर, रविवार

आज गच्चीवर जे झालं ते जन्मभर विसरणार नाही.

संध्याकाळी रोवेना आली, हातात तांब्याची कळशी. म्हणाली, काकी, कॅमेरा घे आणि वर चल. वर गेल्यावर कळशी डोक्यावर ठेवली आणि गच्चीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे माझ्याकडे बघत चालायला लागली. "काढ," म्हणाली. "डाव्या डोळ्याने."

पहिले सगळे फोटो हलले. कॅमेरा तिच्यावर फोकस धरायच्या आत ती माझ्या अंगावर. ती परत गेली, परत आली. मग पर्सीलाही पाठवलं, कारण पाण्याला एकटी नवरी नसते. पर्सीने डोक्यावर भाजी धुवायचं पातेलं ठेवलं आणि कमरेला माझी ओढणी गुंडाळली. इतका गंभीर चेहरा करून चालत होता की संचिता पाण्याच्या टाकीमागून बघता बघता खाली बसली. मी हसून हसून कॅमेरा धरू शकत नव्हते. लग्नाला पस्तीस वर्षं झाली, हा माणूस माझ्यासमोर कधी नाचलासुद्धा नव्हता.

आणि मग एकदम लक्षात आलं. कॅमेरा मंद आहे ना, मग त्याला पळवतेय कशाला? ती येणार कुठून, जाणार कुठे हे मला आधीच माहीत आहे. जमिनीवर एक टाइल ठरवली, फोकस हाताने त्या टाइलवर लावून ठेवला, आणि रोवेनाचं पाऊल तिथे पडलं की बटण. लॅपटॉपवर बघितलं, कळशीच्या काठावरचा पोचा मोजता येत होता.

रोवेनाने जाताना विचारलं, आता दुसरं कुणी बघू का? मी म्हटलं, बघून तर दाखव.

१७ डिसेंबर, बुधवार

दुसरं इंजेक्शन काल झालं. ग्राफ पेपरवरची लाट कमी झालीय, डॉक्टरबाईंच्या यंत्रातही सूज उतरलेली दिसली. सगळी गेलेली नाही. पण गायब झालेल्या दोन रेषा परत आल्यात.

सुमितचा मेसेज आला, कसं आहे म्हणून. त्याला पर्सीचा पातेलेवाला फोटो पाठवला. त्याने विचारलं, काकू, हा माझ्या कॅमेऱ्याने काढलाय? मी लिहिलं, माझ्या.

९ जानेवारी २०२६, शुक्रवार

झालं. अंग ठणकतंय, पाय सुजलेत, आणि मला झोप येणार नाही.

दुपारी मी आणि पर्सी विहिरीवर जाऊन आलो. दोन इमारतींच्या मध्ये राहिलीय ती, वर लोखंडी जाळी, एका बाजूला मोटारसायकली. पर्सीने सोसायटीत फिरून त्या हलवून घेतल्या आणि जाळीही उघडून घेतली. मी काठावरची एक फरशी ठरवली, रोवेना कळशी उचलून तिथेच वळणार. ऊन कुठून येईल ते बघितलं. चारनंतर उजवीकडच्या इमारतीच्या फटीतून एक पट्टा येतो आणि अगदी विहिरीच्या तोंडावर पडतो.

मिरवणूक निघाली. पुढे बँड, मागे बायका, लाल-हिरव्या लुगड्यांत, अंगावर ठेवणीतले दागिने. रोवेनाची आई सगळ्यांत मोठ्याने गात होती. मी उलटी चालत होते, पर्सीने मागून माझी कंबर धरलेली, खड्डा आला की ओढायचा. डावा डोळा खिडकीला, नाक पडद्यावर चेपलेलं. मध्येच बॅटरी संपली. पर्सीने खिशातून दुसरी काढून बदलली, बँडचं कडवं संपायच्या आत.

विहिरीवर फटाक्यांचा धूर झाला आणि कॅमेऱ्याला काही सापडेना, आपला पुढे-मागे होत राहिला. मी फोकस हाताने त्या फरशीवर लावला आणि थांबले. रोवेनाने कळशी बुडवली, वर घेतली, डोक्यावर ठेवली आणि वळली. तिचा पाय फरशीवर पडला. कळशी हिंदकळली आणि पाणी तिच्या कपाळावरून, डोळ्यांवरून ओघळलं. तिने डोळे मिटले नाहीत. हसली. मी बटण दाबलं.

तो फोटो आलाय. पाण्याची धार उन्हात उभी आहे, तिच्या मागे तिच्या आईचं तोंड गाण्यात उघडं, आणि सगळ्यांच्या मागे धूर.

११ जानेवारी, रविवार

लग्न काल पार पडलं. पोट अजून मैद्याच्या तळलेल्या फुग्यांनी आणि मटणाने तुडुंब आहे.

हॉलमध्ये रोवेनाने माझा फोटो मोठ्या पडद्यावर लावला. तिची आई उठून पडद्यापाशी गेली आणि तिथेच उभी राहिली, जेवणाची ताटं घेतलेले लोक तिला वळसा घालून जात होते. मोठा फोटोग्राफर माझ्याजवळ येऊन म्हणाला, मॅडम, कोणता कॅमेरा? दाखवला. तो म्हणाला, हे मॉडेल तर बंद झालं, याच्यावर मी मिररलेस शिकलो. हातात घेऊन उलटापालटा केला, सुटलेल्या रबरावरून अंगठा फिरवला. विकणार का, असंही विचारलं. त्याच्या मुलीला शिकायला हवा होता. मी नाही म्हटलं. पण तिच्यासाठी जुनाच बघा, हे सांगितलं, आणि काय काय तपासायचं तेही. त्याने मोबाइलमध्ये लिहून घेतलं. मी शेवटी म्हटलं, आणि आधी तिचे डोळे तपासा. त्याला विनोद वाटला.

मग आज मिस्सानंतर एक अनोळखी मुलगी आली, कडेवर बाळ. गावाच्या पलीकडच्या टॉवरमध्ये राहते. म्हणाली, परवा पाण्याचे फोटो काढले त्या आंटी तुम्हीच ना? पुढच्या महिन्यात याचा बाप्तिस्मा आहे, याल का? इतकी वर्षं या पायऱ्यांवर मला सगळ्यांनी टीचर म्हणून हाक मारली. फोटोंसाठी मला कुणी शोधत आलं ते आज पहिल्यांदा.

मी तारीख विचारली. पर्सीने लगेच मोबाइलमध्ये बघितलं. इंजेक्शन त्याच आठवड्यात, पण मंगळवारी. रविवारपर्यंत डोळा निवळतो.

मुलीने जरा चाचरत विचारलं, कॅमेरा जुना आहे ना तुमचा? मुलाच्या फोटोला चालेल?

मी त्या बाळाकडे नीट बघितलं, आधी दोन्ही डोळ्यांनी, मग एकेकाने. गुबगुबीत, जागच्या जागी, आईच्या खांद्यावर गाल टेकून माझ्याकडे टक लावून बघत होतं.

"किती महिन्यांचा?" मी विचारलं.

"पाच."

म्हटलं, "मग काही अडचण नाही. अजून पळत नाही तो."